कलशाईचा अंगारा

“माशी आत!” गुरुदासबाबा गरजले.

“पीडा आत!” खळ्यातली सगळी माणसं एका आवाजात ओरडली.

ओटीच्या वाशाला काथ्याच्या शिंक्यात एक कुंडी टांगली होती. कुंडीतल्या झाडाची पानं लांबट, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला एक हिरवा-तांबूस कलश लोंबत होता. देवघरातल्या कलशाएवढा नव्हे, मुठीत मावेल एवढाच; पण त्याला काठ होता, पोट होतं, वर चक्क झाकणही होतं. आताच एक निळी माशी त्या काठावर बसली होती. तिनं इकडं तिकडं चाटलं, दोन पावलं टाकली आणि ती आत घसरली. आतून थोडा वेळ गुणगुण ऐकू आली. मग तीही थांबली.

“देखा?” बाबांनी डोळे मोठे केले. “औषध कुठे जाते? पोटात. आणि पीडा कुठे असते? हवेत! मग औषध पीडेला गाठणार कसे? पीडा माशी होऊन तुमच्याभोवती फिरते. वैद्याला दिसत नाही, डाक्टरला दिसत नाही. माझ्या कलशाईला दिसते. ओम् र्‍हीम् क्लीम् कामाख्ये, गिळ बये गिळ!”

हे हिंदी-मराठी-संस्कृताचं कालवण ऐकून पुढे बसलेल्या बाबली सुताराच्या अंगावर काटा आला. त्याला त्यातलं निम्मंही समजलं नव्हतं, म्हणून काटा जरा मोठा आला.

मग खरा चमत्कार सुरू झाला. झाडाच्या पानांमागे, देठांच्या बेचक्यात, पांढरी भुकटी जमलेली असे. आपोआप. कोणी टाकलेली नव्हे, कोणी जाळलेलं काही नव्हे. हा कलशाईचा अंगारा. बाबांनी दर्भाच्या काडीनं तो हलकेच काढला आणि बाबलीच्या तळहातावर ठेवला.

“चोळ.”

बाबलीनं अंगठ्यानं चोळला. पांढऱ्या अंगाऱ्याचा लालसर डाग झाला.

“पीडेचं रक्त!” बाबा ओरडले. बायकांनी पदर तोंडाला लावले. कोणीतरी नारळ फोडला.

आणि ह्या सगळ्या वेळात घराच्या दारापाशी, पांढऱ्या पातळाचा पदर दोन्ही खांद्यांवर घेतलेली, रुक्मिणीबाई हात जोडून उभी होती. ती गुरुदासबाबांची धाकटी बहीण आणि वाडीच्या शाळेतली शिक्षिका. गर्दीतली नवखी माणसं आधी झाडाकडे बघत, मग बाबांकडे, आणि शेवटी तिच्याकडे. तिचे जोडलेले हात पाहिले की त्यांची शंका फिटत असे.

“शाळेची बाई हात जोडता,” शेजारची तुळसाकाकी म्हणायची, “मगे आपण कोण लागून गेलव?”

ही गोष्ट कट्ट्याच्या बाजाराजवळच्या एका वाडीतली, चीनची लढाई झाली त्याच्या पुढल्या वर्षाची.

रुक्मिणी तशी भोळी बाई नव्हती. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोराला ती ‘तू पाहिलंस का?’ असं विचारून गप्प करायची. पण भाऊ म्हटला की तिचं शहाणपण उंबऱ्याबाहेर राहायचं, आणि त्याला कारण होतं. बाप गेला तेव्हा गुरुदास मिसरूड फुटलेला पोरगा होता. तो मुंबईला गेला, एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी झाला आणि घर चालवू लागला. पुढे रुक्मिणीचा नवरा विषमज्वरानं गेला. कडेवर शुभदा, वय बाविशीच्या आत. भावकीतले म्हणाले, आता हिनं चुलीपाशी बसावं. गुरुदास तेव्हा रजेवर आला होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, “तिच्या डोक्यात उजेड आसा. तो कित्याक विझवचो?” त्यानंच तिला ट्रेनिंगला पाठवलं. त्याच्यामुळे ती शिक्षिका झाली, चार पैसे स्वतःचे कमवू लागली. देवापुढे दिवा लावताना तिच्या मनात देवाआधी दादा येत असे.

पुढे साहेबाची बदली आसामात तेजपूरकडच्या चहाच्या मळ्यावर झाली आणि त्यानं आपल्या माळ्यालाही नेलं. चिनी फौजा खाली उतरू लागल्या तेव्हा साहेब आणि मडम विमानात बसून गेली. गुरुदास गाड्या बदलत, हाल सोसत गावी आला. त्याच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात हे झाड.

“दादा, ह्या काय?” तिनं तेव्हा विचारलं होतं.

“कामाख्येच्या एका योग्यान दिल्यान,” तो म्हणाला. “सुटीच्या दिवशी मी तेची सेवा करी.”

तिनं मान हलवली. दादा खोटं बोलेल हे तिच्या गणितातच नव्हतं.

शिवाय तिनं अंगारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. एका शुक्रवारी सगळा अंगारा वाटून संपला, झाड स्वच्छ हिरवं झालं. दादानं ते घरामागच्या मांगरात, म्हणजे गवत आणि अवजारं ठेवायच्या झोपडीत, ‘अनुष्ठानाला’ नेलं. पुढच्या शुक्रवारी पाहावं तर पानांमागे पुन्हा पांढरं. मांगरात कोणी पाऊल टाकायचं नाही, झाडाला कोणी हात लावायचा नाही, विहिरीचं पाणी घालायचं नाही, फक्त पावसाचं साठवलेलं. दादानं घातलेले हे नियम तिनं एकदाही मोडले नाहीत.

कार्तिकात भात झोडणी सुरू झाली. शाळेला सुटी होती, पोरं खळ्यात लोळत होती. नऊ-दहा वर्षांची शुभदा झोडणीपाशी उभी असताना भाताचं कुसळ उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेलं. रुक्मिणीनं पाण्यानं डोळा धुतला, पदराच्या टोकानं कुसळ काढलं. पण दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद झाला, उजेड सोसेना.

“मालवणात डॉक्टरकडे नेतंय,” रुक्मिणी म्हणाली.

तो शुक्रवार होता. खळं माणसांनी भरलेलं. शुभदा डोळ्यावर पंजा धरून दाराशी बसलेली. तुळसाकाकीनं ते ऐकलं आणि मोठ्यानं म्हणाली, “घरात कलशाई आसताना डॉक्टर? लोक कुडाळा-कणकवलीसून हय येतत, नि घरचा चेडू मालवणाक जाताला? बाबानूं, ह्या काय?”

सगळे मान वळवून बाबांकडे पाहू लागले.

गुरुदासच्या हातातली काडी थांबली. त्यानं भाचीकडे पाहिलं, मग गर्दीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरल्यासारखा झाला. रुक्मिणीला वाटलं, पोरीचे हाल बघून दादाचं काळीज हललं. ती पुढे झाली आणि म्हणाली, “दादा, तूच घाल. तुझ्या हाताक यश आसा.”

त्यानं डोळे मिटले, मंत्र पुटपुटला, आणि काडीवरचा अंगारा शुभदाच्या डोळ्यात घातला. पोर किंचाळली. खळ्यात जयजयकार झाला.

त्यानंतर तो रोज सकाळी मांगरातून अंगारा आणून घालायचा. डोळा सुजला, मग त्यातून घाण येऊ लागली. रुक्मिणी विचारी, “दादा, नेव काय रे मालवणाक?” तो तिच्याकडे न बघता म्हणे, “धीर धर. अर्ध्यावर सोडलंस तर देवी कोपतली.” एकदा तो तिला चिडूनच म्हणाला, “शाळा शिकलंस म्हणान संशय घेतंस?” तिला लाज वाटली. कोणी शिकवलं, कोणामुळे शिकले, हे आठवून ती गप्प बसली.

एका सकाळी ती शुभदाची वेणी घालत होती. पोर डोळ्यावर पंजा धरून बसली होती. मग हळूच म्हणाली, “आये, माझ्या डोळ्यात कायतरी चालता.”

“काय चालता?”

“ठावक नाय. मामा अंगारो घालता, मगे चालता. हळूहळू.”

रुक्मिणीचे हात थांबले. वर्गात हजार वेळा तिनं मुलांना सांगितलं होतं की राख निर्जीव असते. राख चालत नाही. तिनं अर्धवट वेणी तशीच बांधली, पोरीला उचललं, आणि दादा आंघोळीला गेला होता तेवढ्यात मागच्या वाटेनं कट्ट्याचा स्टँड गाठला. मालवणची गाडी लागलेलीच होती.

डॉक्टर परुळेकर म्हातारे होते, फटकळ होते. त्यांनी शुभदाला खिडकीपाशी बसवलं आणि डोळ्याला भिंग लावलं. मग कापसाच्या बोळ्यानं पापणीच्या कडेचं काहीतरी टिपलं, काचेच्या तुकड्यावर ठेवलं आणि विचारलं, “ह्यात काय घातलंत?”

“अंगारा.”

“कसला?”

रुक्मिणीनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज आपोआप खाली गेला.

डॉक्टरांनी भिंग तिच्या हातात दिलं. “बाई, तुम्ही शिक्षिका आहात ना? मग मी सांगत नाही. तुम्हीच बघा.”

तिनं काचेवर भिंग धरलं. पांढऱ्या पिठात लोळल्यासारखा एक गुलाबी, चपटा जीव. कडेनं बारीक बारीक पाय. तो एक पाय हलवत होता.

“ह्याला पाय आहेत,” ती म्हणाली.

“असणारच. ढेकूण आहे तो, झाडावरचा. अंगावर मेणाची पांढरी भुकटी धरतो म्हणून पिठ्या ढेकूण म्हणतात. जास्वंदीवर हा गुलाबी जातीचा पुष्कळ होतो. चिरडला की लाल पाणी निघतं.” डॉक्टर बोलता बोलता थेंब घालत होते. “कुसळानं बुबुळाला जखम झाली होती. त्याच दिवशी आणली असती तर औषधानं भरून आली असती. आता तिच्यात घाण गेलीय. मी इथं चार दिवस ठेवून बघतो, पण मिरजेला न्यावं लागेल असं दिसतं. डोळा राहील. नजर किती राहील, मी सांगू शकत नाही.”

रुक्मिणीनं पुन्हा काचेवर भिंग धरलं. मग तिनं विचारलं, “पण हे झाड तर किडे खातं, डॉक्टर. मग त्याच्यावर कीड कशी?”

“घटपर्णी आहे ती. ओल्या, निकस जमिनीत वाढते, म्हणून किडे पकडून पोट भरते. काठावर गोड रस, आत निसरडी भिंत, तळाशी पाणी. माशी घसरली की बुडाली. पण पानाला चिकटून रस पिणारा ढेकूण कलशात जाईलच कशाला? त्याच्यापुढे हे झाड तुळशीइतकंच गरीब. माळ्यानं साबणाच्या पाण्यानं धुतलं नाही तर महिन्याभरात मरायचं.”

‘माळ्यानं’ हा शब्द तिच्या कानात राहिला.

डॉक्टरांच्या पत्नीपाशी शुभदाला ठेवून ती कपडे आणायला दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत परतली. भिंग डॉक्टरांनी तिच्याजवळच राहू दिलं. दादा घरात नव्हता. ती सरळ मागे गेली आणि तिनं मांगराचं दार ढकललं.

आत साबणाचा वास होता. एका मडक्यात तंबाखूच्या पानांचा काढा, बाजूला साबणाचं पाणी, जुना मऊ ब्रश. कोपऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या फांद्या, पांढऱ्या ढेकणांनी लगडलेल्या. तिनं भिंग धरलं. तेच गुलाबी अंग, तेच पाय. फांद्यांवरून मुंग्यांची रांग चालली होती. शुक्रवारनंतर साबणानं नि तंबाखूच्या पाण्यानं झाड धुवायचं, म्हणजे ते मरणार नाही. आणि पुढच्या शुक्रवारच्या आधी फांद्यांवरचे ढेकूण पानांवर सोडायचे, म्हणजे अंगारा ‘प्रकटेल’. सगळं अनुष्ठान एवढंच होतं.

मागे पावलं वाजली. दारात गुरुदास उभा होता.

“शुभी खंय आसा?” त्यानं विचारलं.

“मालवणात. डोळो जातलो बहुतेक.”

तो उंबऱ्यावर खाली बसला.

“माका ह्या करूचा नव्हता, रुक्मे,” तो म्हणाला. “बाबलीन पयल्यांदा पानावरचा पांढरा बघितल्यान नि ह्या काय म्हणान इचारल्यान. मी गमतीन म्हटलंय, अंगारो. तेणा कपाळाक लायल्यान. तेचो ताप उतरलो. दुसऱ्या दिवशी चार माणसा इली. माळी म्हणान माका कोण इचारी होता? बाबा म्हटल्यानी, पाया पडले. मगे माका मागे फिराक जमला नाय.”

“आणि योगी?”

“योगी कोण नाय,” तो म्हणाला.

“माकाय खोटाच सांगितलंस?”

“तुका पयला सांगितलंय,” तो म्हणाला. “तू हात जोडलंस म्हणान लोकांनी जोडले.”

रुक्मिणीला वाटलं, कोणीतरी तिच्या कानाखाली मारली. इतके महिने ती दाराशी उभी होती ती बहीण म्हणून नव्हे. दुकानदार दारात पाटी लावतो तशी त्यानं तिला तिथं उभी केली होती. तिचं ट्रेनिंग, तिची शाळा, तिच्या डोक्यातला तो उजेड, सगळं त्यानं ह्या कामाला लावलं होतं.

एकच प्रश्न उरला होता आणि तो विचारायला तिला धीर होत नव्हता. तरी तिनं विचारला. “शुभीच्या डोळ्यात घालताना तुका म्हायती होता?”

“सगळी बघित होती गो,” तो म्हणाला.

“म्हायती होता काय नाय?”

“होता.”

ती उठली. त्यानं तिचा पदर धरला. “उद्याचो शुक्रवार जावंदे. कायएक बोला नको. मगे मी झाड खाडीत टाकतंय, देवीची आण.”

“कुठल्या देवीची?” तिनं विचारलं आणि पदर सोडवून घेतला.

शुक्रवारी खळं पुन्हा भरलं. भाऊ पाटावर बसला होता, पण आज त्याची नजर स्थिर नव्हती. रुक्मिणी दारात हात जोडून उभी राहिली नाही. ती ओटीच्या पायरीवर उतरून गर्दीसमोर उभी राहिली.

“माझ्या चेडवाचो डोळो गेलो,” ती म्हणाली. “मालवणच्या डॉक्टरांनी बघितल्यानी. ह्यो अंगारो नाय. ही कीड आसा. जास्वंदीवरची कीड. माझो भाऊस ती हातान झाडावर सोडता.”

क्षणभर कोणाला काही समजलंच नाही. मग एकच गलका झाला. आणि त्या गलक्यातून गुरुदासची आरोळी आली.

तो घुमू लागला होता. डोकं गरगर फिरत होतं, केस सुटले होते, आवाज घोगरा झाला होता. “कलशाई बोलतेय! ह्या बाईनं संशय घेतला! पांढऱ्या कपाळाच्या बाईची सावली माझ्या अंगाऱ्यावर पडली! म्हणून पोरीचा डोळा गेला! आईच्या पापानं गेला!”

गर्दी थरारली. तुळसाकाकी मागे सरकली आणि तिच्याबरोबर सगळ्याच बायका रुक्मिणीपासून दूर झाल्या. कोणीतरी म्हणालं, “बाईक आत घालवा.”

काल मांगरात रुक्मिणीला वाटलं होतं की आता ह्याहून वाईट काही ऐकायचं उरलेलं नाही. ज्या भावानं भावकीला दटावून तिला चुलीपासून उठवलं होतं, तोच भाऊ आज तिचं वैधव्य चव्हाट्यावर मांडत होता, आणि स्वतः घालवलेला डोळा तिच्या माथी मारत होता. तिच्या डोळ्यात पाणी आलं नाही. पाणी यायला जी माया लागते ती त्या क्षणी आटली.

ती पायऱ्या चढून वर गेली. तिनं दर्भाची काडी उचलली आणि पानामागचा अंगारा काडीवर घेतला.

“खरा आसा,” ती मोठ्यानं म्हणाली. “माझा चुकला. देवी म्हणता, अंगारो खरो. मगे आये, तू आता माझ्या भावाच्या अंगात आसस. ह्यो तुझोच अंगारो, तुझ्याच भक्ताच्या डोळ्यात घालतंय. तेका काय होवचा नाय मां?”

तिनं एका हातानं त्याची हनुवटी धरली आणि काडी त्याच्या डोळ्यापाशी नेली.

घुमणं थांबलं. गुरुदासनं डोळे उघडले, काडीवरची वळवळ त्याला अगदी जवळून दिसली, आणि त्यानं तिचा हात झिडकारला.

“गो, आंधळो करतंस काय माका?”

आवाज घोगरा नव्हता. देवीचा नव्हता. शुक्रवारी ऐकू येणारं कालवणही त्यात नव्हतं. वाडीतल्या गुरुदासचा, घाबरलेल्या माणसाचा, साधा मालवणी आवाज होता तो. खळ्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत तो पोचला.

“माझ्या शुभीच्या डोळ्यात घालताना ह्या आठवाक नाय?” रुक्मिणीनं विचारलं.

तो तोंड फिरवून बसला.

पुढचं काम सोपं होतं. तिनं मांगरातल्या फांद्या आणि साबणाचं पाणी आधीच ओटीवर आणून ठेवलं होतं. बाबलीला तिनं पुढे बोलावलं आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

“बघ.”

बाबलीनं एक डोळा मिटून पाहिलं. त्याचं तोंड उघडं पडलं. “पाय आसत गे! चालतत!” मग त्यानं स्वतःच्या कपाळाला हात लावला, महिनोन्महिने अंगारा चोळलेल्या कपाळाला, आणि तो धोतरानं खसाखसा पुसू लागला.

“आता ह्या फांदीवरचो चोळ. ही जास्वंद आमच्या कुंपणावरची.”

त्यानं चोळला. तळहात लाल झाला.

“हे पीडेचं रक्त नाही,” रुक्मिणी म्हणाली. आता ती शाळेत बोलते तशी बोलत होती. “किडीचं आहे. झाडाचा रस पिऊन ती फुगते. आणि कलशात माशी पडते ती पीडा म्हणून नाही, गोड रस चाटायला जाते आणि पाय घसरून पडते. त्या झाडाचं ते अन्न आहे.” तिनं मऊ ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर एकेक पान पुसायला घेतलं. पांढरं पाणी कुंडीखाली ठिबकू लागलं. “जिला आपल्या पानामागचा ढेकूण झटकता येत नाही, जिला माळ्यानं धुतलं नाही तर जी महिन्याभरात मरते, ती कलशाई तुमच्या अंगातली पीडा काय झटकणार?”

एकामागून एक माणसं पुढे येऊन भिंगातून बघू लागली. काहींनी बाबांना शिव्या दिल्या. काहींनी रुक्मिणीला दिल्या, कारण फसलो हे कळलं की माणसाला आधी सांगणाऱ्याचाच राग येतो. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, “होती बापडी देवी, तर बिघाडला काय होता?” रुक्मिणीकडे त्याचं उत्तर मालवणात पट्टी बांधून पडलेलं होतं. ती पुढलं पान पुसू लागली.

गुरुदास दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेला. तिनं त्याला थांबवलं नाही. भाकऱ्या मात्र बांधून दिल्या, कारण न जेवलेला माणूस घरातून जाऊ देण्याची तिची सवय मोडली नव्हती. त्यानं पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला, तेव्हा ती बाजूला झाली.

मिरजेला शुभदाचा डोळा राहिला, पण त्यात पांढरं फूल पडलं. उजेड-अंधार कळतो, माणूस उभं आहे की बसलं ते कळतं, चेहरा कळत नाही. रुक्मिणी मामाबद्दल तिच्यापाशी कधी वाईट बोलली नाही आणि चांगलंही बोलली नाही. पोर विचारी, “मामा परत येतलो?” तेव्हा ती म्हणे, “म्हायत नाय.” आणि ते खरं होतं.

पुढल्या पावसाळ्यात एका सकाळी तुळसाकाकी दारात आली. तापानं फणफणलेल्या नातवाला तिनं सोबत आणलं होतं. बऱ्याच महिन्यांनी ती ह्या घराची पायरी चढत होती, म्हणून पदर चाळवत जरा वेळ नुसतीच उभी राहिली.

“कट्ट्याक एक नवीन बाबा इलो आसा,” ती म्हणाली. “पाणी मंत्रून देता म्हणतत. जाव काय दवाखान्यात जाव? तू सांगशीत ता करतंय.”

रुक्मिणी छत्री शोधत होती. ती थांबली.

“काकी, मी सांगतंय म्हणान करा नको. माझ्या सांगण्यान एकदा सगळी वाडी फसली.” तिनं छत्री उचलली आणि मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला. तो तव्यासारखा तापला होता. “बाबाक इचार, ह्या पाण्यात काय आसा? खंयसून इला? कितके बरे झाले नि कितके मेले? बाबा, तुझ्याच पोराक ताप येता तेव्हा तू खंय नेतंस? डॉक्टराकय ह्याच इचार. जो सरळ उत्तर देता तेच्याकडे जा. आणि ‘इचारू नको, नुसतो विश्वास ठेव’ असा जो कोण सांगता, तो परको असो नायतर सख्खो भाऊस असो, थयसून पोराक उचल आणि चालाक लाग.”

“मगे आधी डॉक्टराकच इचारतंय,” तुळसाकाकी म्हणाली आणि तिनं नातवाला खांद्यावर घेतलं. दोघी पावसात दवाखान्याच्या वाटेला लागल्या.